‘बेसेदेर’ म्हणण्यापूर्वी

(सिनेगॉगच्या महिला मंडळाच्या रोश खोदेशच्या सभेत झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले की, आपल्या समाजातील तरुण आईबापांना मुलांच्या दवाखान्याविषयी दोन शब्द सांगावेत. मी व्याख्याती नव्हे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, 1973 साली या देशात आले, आणि पुढची जवळजवळ 40 वर्षे नेगेवमध्ये परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यांतली बहुतेक ‘तिपत हालाव’मध्ये गेली. माझ्या हातून टोचून घेतलेली काही बाळे आज आपापली बाळे मांडीवर घेऊन येथे बसलेली दिसत आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही थोडी भीती आहे, असे मला वाटते.

प्रथम एक प्रसंग सांगते. तो ज्याच्या आयुष्यात घडला, त्याची परवानगी घेऊन आले आहे. नाव सांगणार नाही.

1979 सालची गोष्ट. आम्ही शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. खालच्या मजल्यावर रेवदंड्याकडची एक मुलगी होती, जेमतेम विशीची, येऊन वर्ष झालेले. पहिलटकरीण. माहेरचे कोणी जवळ नाही. बाळ सात आठवड्यांचे. एका शुक्रवारी सकाळी बाळाचे अंग तापले. दवाखाना शब्बाथपूर्वी दुपारी बंद होणार, म्हणून ती घाईघाईने निघाली. निघताना तिने मुंबईहून आणलेले तापाचे औषध बाळाला पाजले. का, तर डॉक्टरांसमोर बाळ फणफणलेले नको, आपण हेळसांड केली असे त्यांना वाटू नये. दवाखान्यात थर्मामीटर लावला तेव्हा ताप नव्हता. डॉक्टरांनी विचारले, दूध पितो का? ती म्हणाली, बेसेदेर. झोपतो का? बेसेदेर. उलटी, जुलाब? हकोल बेसेदेर. वास्तविक पहाटेपासून त्याने दूध ओढलेच नव्हते. पण तिला तेव्हा हिब्रूचे जे पंचवीसतीस शब्द येत होते, त्यांत सर्वांत सोपा आणि सर्वांत सभ्य शब्द तोच होता. डॉक्टरांनी तिला घरी पाठवले.

परत येताना ती मला जिन्यात भेटली. मी शब्बाथच्या स्वयंपाकाच्या गडबडीत होते. ती म्हणाली, “ताई, हा आज वेगळाच रडतो हो.” मी काय उत्तर दिले, ते मला शब्दशः आठवते. मी म्हणाले, “डॉक्टरांनी पाहिले ना? मग झाले.”

रात्री किद्दूशनंतर तिचा नवरा दार ठोठावत आला. मी खाली धावले. बाळ कण्हत होते, डोळे उघडत नव्हते, टाळू वर आलेली. शेजाऱ्याची गाडी काढून आम्ही इस्पितळ गाठले. मेंदूज्वर होता. परमेश्वराच्या दयेने मूल वाचले. मात्र दोन्ही कानांची श्रवणशक्ती गेली.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना जे सांगितले गेले, त्यावरून त्यांनी निर्णय केला. त्या मुलीलाही कसा दोष देऊ? दोष द्यायचाच तर जिन्यात उभ्या असलेल्या परिचारिकेला द्यावा. ‘वेगळाच रडतो’ हे वाक्य म्हणजे लक्षण होते, आणि ते ऐकण्याचे शिक्षण मी घेतलेले होते.

डॉक्टर मुलाला फार तर 10 मिनिटे पाहतात. उरलेले 23 तास 50 मिनिटे त्याला आपण पाहतो. ते जे पाहू शकत नाहीत, ते आपण सांगायचे असते. आपल्या बेने इस्राएल घरांत डॉक्टरांविषयी फार आदर आहे. कोकणात डॉक्टर आला की आजोबा उठून उभे राहत. चांगली गोष्ट आहे. परंतु त्या आदरापोटी आपण गप्प बसतो, आणि प्रश्न विचारला की मान हलवतो. या देशातल्या डॉक्टरांना ती मान हलवणे समजत नाही. येथे लोक वाद घालतात, दोनदा विचारतात, दारातून परत येऊन तिसऱ्यांदा विचारतात, आणि डॉक्टरही त्याचे वाईट वाटून घेत नाहीत. त्यांच्या लेखी जो गप्प, त्याची तक्रार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, घरून निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून न्या. ताप केव्हापासून आणि किती. ‘अंग गरम लागले’ असे नको, थर्मामीटरचा आकडा हवा, वेळेसह. दूध किंवा अन्न नेहमीच्या मानाने किती गेले. लघवीचे डायपर शेवटचे केव्हा ओले झाले. आणि औषध कोणते, किती मिलिलिटर, किती वाजता दिले. त्या शुक्रवारी एवढे एक वाक्य डॉक्टरांच्या कानी पडले असते, तर बिनतापाचे थर्मामीटर पाहून ते फसले नसते. मराठीत लिहिले तरी चालेल. कागद हातात असला की माणसाला शब्द सुचतात. मोबाइलवर खोकल्याचा आवाज किंवा श्वासाचे हलणारे पोट चित्रित करून नेले तर उत्तमच. दवाखान्यात शिरताच मुले हटकून बरी दिसू लागतात, हा माझा 40 वर्षांचा अनुभव आहे.

औषधात घरगुती औषधही आले बरे का. सासूबाईंनी सहाणेवर उगाळून दिलेली बाळगुटी, वेखंड, जायफळ, काही म्हणजे काही लपवू नका. सासूबाईंनो, मीही आता त्याच रांगेत बसते, तेव्हा रागावू नका. गुटीबरोबर मध चाटवण्याची आपली रीत आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात कधीकधी एका जंतूची बीजे असतात, ती तान्ह्या आतड्यात रुजतात आणि त्यांचे विष बाळाचे स्नायू लुळे पाडते. तसेच काजळ आणि सुरमा. बाजारी सुरम्यात शिसे असू शकते, आणि बाळ डोळे चोळून तीच बोटे तोंडात घालते. दृष्ट लागू नये म्हणून दुसरे पुष्कळ उपाय आपल्याला माहीत आहेत, ते करा.

भाषेचा प्रश्न अजून आहे. अलीकडे आलेली कुटुंबे आहेत, आणि घरी नातवंडे सांभाळणारी आजीआजोबा मंडळी आहेत. दवाखान्यात मी कितीदा पाहिले की, आजारी बाळाच्या नऊ वर्षांच्या बहिणीला दुभाषी म्हणून पुढे केले जाते. ती बिचारी घाबरते, आणि जे अवघड ते गाळून टाकते. असे करू नये. मोठे माणूस बरोबर न्यावे, किंवा फोनवर जोडून द्यावे. आपल्या समाजात असा फोन कोणी नाकारणार नाही.

आता दवाखान्यांची व्यवस्था. यात काही घरांत अजून गोंधळ आहे, म्हणून थोडक्यात सांगते. निरोगी मुलाचे घर म्हणजे तिपत हालाव, आणि आजारी मुलाचे घर म्हणजे कुपात होलीममधील रोफे येलादीम, म्हणजे बालरोगतज्ज्ञ. 1920च्या दशकात हदासाच्या परिचारिकांनी जेरुसलेममध्ये तान्ह्या बाळांसाठी निर्जंतुक दूध वाटायला सुरुवात केली, त्यावरून ‘दुधाचा थेंब’ हे नाव पडले. दूध वाटणे केव्हाच संपले, नाव राहिले. तेथे जन्मापासून सहा वर्षांपर्यंत वजन, उंची, डोक्याचा घेर, विकास आणि लसीकरण पाहिले जाते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. 1995च्या जानेवारीपासून राष्ट्रीय आरोग्यविम्याचा कायदा लागू झाला, तेव्हापासून येथील प्रत्येक रहिवासी चारांपैकी एका कुपात होलीमचा सभासद आहे. तेव्हा ‘आमचे मूल नोंदलेले नाही’ ही सबब राहिलेली नाही.

बालरोगतज्ज्ञ शक्यतो एकच ठेवा. रात्रीच्या मोकेदमध्ये किंवा फोनवर भेटणारा डॉक्टर हुशार असतो, पण तो तुमच्या मुलाला ओळखत नाही. ज्याने त्याला दोन महिन्यांचा असताना, चार महिन्यांचा असताना आणि पहिल्या पडशात पाहिले आहे, त्याच्या नजरेत ‘हा आज नेहमीसारखा नाही’ हे चटकन भरते. अॅपवर तोर मिळाला नाही तर निराश होऊ नका. दवाखान्यात फोन करून कचेरीतील बाईंना वय आणि ताप सांगा, आणि आजच दाखवायचे आहे असे स्पष्ट म्हणा. बहुतेक ठिकाणी मधे घेतात. प्रत्येक कुपात होलीमची परिचारिकांची फोनसेवाही आहे. तो क्रमांक आजच फ्रिजवर चिकटवा, कारण रात्री दोन वाजता तो सापडत नाही.

इस्पितळाच्या खर्चाची भीती हा एक मोठा अडसर आहे. डॉक्टरांची हफनाया, म्हणजे शिफारसपत्र, घेऊन गेलात तर आपत्कालीन विभागाचा आकार तुमच्यावर पडत नाही. मूल दाखल झाले तर पत्र नसले तरी तो आकार लागत नाही. मोडलेले हाड किंवा टाके घालण्याची जखम यांनाही सूट आहे. बाकी हिशोब नंतर कुपात होलीमशी करता येतो. मूल निपचित पडले असता ‘तोफेस 17 आणला नाही’ म्हणून दारात थबकलेले बाप मी पाहिले आहेत. आत जा. कागद मागून येतात.

आणि शब्बाथ. आपल्यापैकी अनेकजण शब्बाथ काटेकोर पाळतात. पाळावाच. पण जिवाचा धोका असेल, किंवा धोका असावा अशी नुसती शंका असेल, तरी फोन करावा, गाडी काढावी. शुल्खान आरूखमध्ये याविषयी संदिग्धता नाही. अशा वेळी जो त्वरा करतो तोच प्रशंसेस पात्र, आणि विचारत बसण्यात जो वेळ घालवतो त्याला फार कठोर शब्द वापरले आहेत. हज्जानसाहेब येथे बसले आहेत आणि ते मान हलवीत आहेत. ही मान हलवणे मात्र मला समजते.

मग शंका कशावर घ्यावी? तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश किंवा अधिक ताप असेल, तर दुसरे काही लक्षण नसले तरी त्याच वेळी डॉक्टर किंवा इस्पितळ. अशा बाळाला तापाचे औषध आधी पाजू नका, डॉक्टरांना ताप पाहू द्या. हे मी का सांगते ते आता तुम्हांला कळले असेल. मोठ्या मुलात आकड्यापेक्षा मुलाकडे पाहावे. 39.5 ताप असून खेळणारे मूल मला तितके घाबरवत नाही, जितके 38 ताप असून कुशीत लोळागोळा पडलेले मूल घाबरवते. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडणे, ओठ निळसर होणे, जागे न होणे, मान ताठणे, काचेचा पेला दाबला तरी न मावळणारे लालजांभळे ठिपके, पाच मिनिटांत न थांबणारी आकडी, यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्याचा तोर शोधत बसू नका. 101 फिरवा.

औषधाच्या मापाविषयी मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण मुंबईची फेरी झाली की आपण सर्वजण बॅगेत औषधे भरून आणतो. मुलांचे पॅरासिटामॉल वयावर नव्हे, वजनावर द्यायचे असते. एका किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला फार तर 120 मिलिग्रॅम. आता एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असते, म्हणजे चमचाभर झाले. दुसरी बाटली थेंबांची, तिच्यात 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असते. तिच्यातून चमचाभर पाजले तर 500 मिलिग्रॅम गेले, चौपटीहून अधिक. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, दोन्ही गोड लागतात. अतिमात्रेने यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी मूल वरून ठीक दिसते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. तेव्हा चहाचा चमचा वापरू नका. बाटलीबरोबर आलेली पिचकारी वापरा, आणि बाटली डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला दाखवून तिच्यावर मिलिलिटरचा आकडा लिहून घ्या. चार तासांच्या आत पुन्हा देऊ नये, दिवसांतून चार वेळांहून अधिक देऊ नये. आई देते, मग आजी देते, मग बाबा कामावरून येऊन देतात, असे होते. म्हणून दिलेली वेळ लिहायची. मुलांना अॅस्पिरिन कधीही नको.

मुंबईचा विषय निघाला म्हणून आणखी एक. लग्नसराईत आपण तान्ही मुले घेऊन हिंदुस्थानात जातो. जाण्यापूर्वी पुरेसे आठवडे आधी तिपत हालावमध्ये सांगा. गोवराची लस येथे एक वर्षाला देतात, पण प्रवासासाठी सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे एक आगाऊ मात्रा देता येते. आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर ‘आम्ही भारतातून आलो’ हे डॉक्टरांना दारातच सांगा. हिवताप, टायफॉइड, डेंग्यू येथील दवाखान्यात रोज दिसत नाहीत. तुम्ही बोलला नाहीत तर तो तपास त्यांना सुचणार नाही.

आपल्या वर्णाविषयीही बोलले पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेखाली, ढुंगणावर, कधी पाठीवर निळसर करडे डाग जन्मतः असतात. बहुतेक आपोआप पुसट होत जातात. ज्याला ते ठाऊक नाहीत, त्याला ते मारल्याचे वळ वाटतात. एका पाळणाघरातील बाईंना तसे वाटले, आणि एका सुशील आईला अधिकाऱ्यांसमोर बसून रडावे लागले. ते टाळण्याचा साधा उपाय आहे. पहिल्याच भेटीत तिपत हालावच्या परिचारिकेला डाग दाखवा आणि नोंद करून घ्या. तसेच नवजात बाळाची कावीळ सावळ्या कातडीवर लवकर दिसत नाही. दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहा, आणि शंका आली तर ‘मला पिवळे वाटते’ असे म्हणा. समोरचा म्हणेल, मला तर दिसत नाही. तुम्ही म्हणा, तपासा.

लोहाच्या थेंबांनी शौच काळे होते म्हणून पुष्कळ आया ते परस्पर बंद करतात आणि परिचारिकेला सांगतात, देत आहे. काळे झाले तरी चालते. बंद केले असेल तर तसे सांगा. आम्ही रागावलो तरी क्षणभरच रागावतो.

लसींविषयी मी वाद घालणार नाही. 2013 साली, माझ्या नोकरीच्या अगदी अखेरीस, आमच्या दक्षिणेतील सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. त्या उन्हाळ्यात आम्ही दिवसभर मुलांच्या जिभेवर दोन दोन थेंब टाकत होतो. पाळीतल्या तरुण परिचारिकांनी पोलिओ झालेले मूल कधी पाहिले नव्हते. मी मुंबईच्या वॉर्डात पाहिली होती, कॅलिपर लावलेली, भिंतीला धरून चालणारी. 2018-19 मध्ये या देशात गोवराचे चार हजारांहून अधिक रुग्ण झाले. ज्यांना शंका आहेत त्यांनी त्या मनात न ठेवता परिचारिकेला विचाराव्यात, घरी बसून तारीख टाळू नये.

डॉक्टरांच्या खोलीतून उठण्यापूर्वी एक प्रश्न मात्र विचाराच. काय दिसले तर मी परत यायचे, आणि किती तासांत? उत्तर मिळाले की ते आपल्या शब्दांत त्यांना परत म्हणून दाखवा. चुकले असेल तर तेथेच दुरुस्त होते. आणि मनाला पटले नाही तर उठू नका. हिब्रूत एक वाक्य पाठ करा, ‘ज़े लो बेसेदेर’. हे ठीक नाही. हे वाक्य मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या त्या मुलीला नंतर शिकवले, आणि तिने पुढे तीन मुले वाढवताना ते भरपूर वापरले. दवाखान्यातले लोक तिला त्रासदायक बाई म्हणत. मला त्याचा फार आनंद वाटे.

तिचा तो मुलगा आज सेहेचाळीस वर्षांचा आहे, सुतारकाम करतो, त्याला दोन मुली आहेत. थोरली झाली तेव्हा तिचे रडणे त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो रात्री तिच्या पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून झोपत असे. कठडा हलला की उठत असे.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. चहा झाल्यावर मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांनी पिंकास आणले आहेत, त्यांनी ते दाखवावेत. ज्यांनी मुंबईची औषधे आणली आहेत, त्यांनी बाटल्या काढाव्यात, आपण त्यांच्यावर माप लिहू. पेन मी आणले आहे.